आमच्या पंचांगात दुरुस्तीला मुहूर्त नाही

थाटीपूरचं आमचं घर वडिलांनी बांधलं तेव्हा ग्वाल्हेरच्या रीतीप्रमाणे छतावर दगडी पटिया घातल्या. खाली लोखंडी गर्डर, त्यांवर लांबच लांब पटिया आणि दोन पटियांमधल्या दरजेत सिमेंटचा मसाला. दरज उघडी पडली की पाणी आत येतं, एवढं शास्त्र वडिलांना पुरेसं होतं. दर ज्येष्ठात डोक्याला ओला पंचा गुंडाळून, थापी आणि घमेलं घेऊन ते गच्चीवर जायचे आणि दरजा भरून खाली यायचे. आम्ही दोघे भाऊ सावलीत बसून हसायचो. चांगला सरकारी नोकरीतला माणूस, आणि असा मजुरासारखा!

पुढे ते गेले आणि घर माझ्या वाट्याला आलं. सोबत थापीही आली. ती मी जपून ठेवली, वडिलांची आठवण म्हणून, कपाटावर. जपणं म्हणजे वापरणं, असा गैरसमज मी कधी करून घेतला नाही.

पहिला डाग दिवाणखान्यात आला, नेमका गणपतीच्या कोपऱ्यावर. रुपयाएवढा.

"अहो, दरज उघडलीय. मिस्त्रीला बोलवा," बायको म्हणाली.

"आत्ता? भर पावसाळ्यात गच्चीचं काम कोण काढतं?"

उत्तर बिनतोड होतं. पाऊस सरता सरता गणपती आले. ते गेले तर पितृपक्ष, आणि पितृपक्षात आमच्याकडे घराचं काम काढत नाहीत. मग नवरात्र, सोवळंओवळं. दिवाळीला मात्र पुताई, म्हणजे भिंती-छताची रंगसफेदी, झाली आणि डाग गेला. जे दिसत नाही ते दुरुस्त झालं, असं मानण्याइतका मी श्रद्धाळू आहे. थंडीत छत गळत नाही, त्यामुळे आठवण होत नाही. उन्हाळ्यात मिस्त्री लग्नांसाठी गावी जातो. तो परत येतो तोवर पुन्हा पाऊस.

अशी बरीच वर्षं मी धर्माने वागलो. दर दिवाळीला त्या कोपऱ्यावर डिस्टेंपरचे दोन हात जास्तीचे. त्या डिस्टेंपरच्या पैशात दरज चांदीने भरता आली असती, पण दरज भरणं हा खर्च आणि पुताई हा सण.

"बाबा, हा डाग ना, अब बिलकुल ऊँट जैसा लग रहा है," लेक एकदा वर बघत म्हणाली. पुढच्या पावसाळ्यात उंटाला दुसरं कुबड आलं. तेव्हा मी गणपतीच्या मखरावर जरीच्या कापडाचं छत ताणून बांधलं. आलेगेले म्हणाले, "वा, काय सुंदर आरास!" मी नम्रपणे मान खाली घातली. मान वर केली असती तर तेही वर बघत राहिले असते.

यंदा गणपतीला तीन आठवडे असताना, दुपारी आम्ही जेवत होतो आणि दिवाणखान्यात धाडकन आवाज झाला. जाऊन पाहतो तो पटियाचा भलामोठा तुकडा पडलेला. गणपतीचा चौरंग जिथे मांडतो, बरोबर तिथे.

मिस्त्री आला. त्याने गर्डरला नुसतं नख लावलं तर खारी बिस्किटासारखे पापुद्रे खाली आले.

"साहब, दो तसले मसाले का काम था," तो हातातलं घमेलं दाखवत म्हणाला. "आपने पाल-पोस के इतना बड़ा कर दिया."

आता गर्डर बदलायचा, तीन पटिया बदलायच्या, आणि तोवर छताला टेकू म्हणून दिवाणखान्यात चार लाकडी बल्ल्या उभ्या. त्याने सांगितलेला आकडा ऐकून पाचवी बल्ली मला लागली असती.

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. घर बांधलं त्या वर्षापासून आमच्या सगळ्या कुटुंबाचा एकच गणपती, आणि तो याच कोपऱ्यात बसतो. शहरभर पांगलेली आमची माणसं वर्षातून एकदा या निमित्ताने एका छताखाली येतात. छत, म्हणजे, असतं तेव्हा.

"दादा, यंदा गणपती माझ्याकडे बसवू," तो म्हणाला. "फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, म्हाताऱ्यांना सोयीचं पडेल."

"अरे, होईल काहीतरी इथे."

"काय होईल? या बल्ल्यांना तू केळीचे खांब बांधून वेळ मारून नेशील, ओळखत नाही का मी तुला?"

केळीच्या खांबांचा विचार माझ्या मनात खरोखरच येऊन गेला होता.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "एकदा तिकडे गेला की परत येणार नाही. तिथे एसी आहे. पुढच्या वर्षी सगळे म्हणतील, तिकडेच बरं."

"मग काय करू? पैसे कुठून आणू?"

ती उठली आणि बँकेची पावती घेऊन आली. शिकवण्या करकरून तिने ती रक्कम स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी साठवली होती. काळा ग्रॅनाइट तिने दुकानात जाऊन पसंतही करून ठेवला होता.

"यांनी दरज भरली नाही, म्हणून माझा ओटा गेला," ती पावतीकडे बघत म्हणाली. माझ्याशी बोलावं अशी माझी लायकी त्या वेळी नव्हतीच.

पावसाच्या उघडिपी पकडत, ताडपत्र्या ताणत काम झालं. हरतालिकेच्या आदल्या दिवशी बल्ल्या निघाल्या आणि चतुर्थीला गणपती आपल्या कोपऱ्यात बसला. यंदा जरीचं छत नव्हतं. आरती झाल्यावर भाऊ वर बघून म्हणाला, "वहिनी, गर्डर मस्त बसलाय हं."

"गर्डर नाही भाऊजी, तो माझा ओटा आहे," ती प्रसादाची वाटी त्याच्या हातात देत म्हणाली. "वर लावलाय. पुरण वाटायला शिडी घेऊन चढते."

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

विसर्जन झालं, पितृपक्ष लागला. एका सकाळी त्याच जुन्या ओट्यावरचा नळ ठिबकायला लागला. बायकोने फक्त खाली पातेलं ठेवलं. "दिवाळीच्या आधी बघू," हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. पातेल्यात टप् झालं आणि मी ते गिळले. चपला घातल्या आणि किला गेटजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"एक वॉशर देना. और आधी बोरी सीमेंट," मी म्हणालो. गच्चीवरच्या बाकीच्या दरजाही आता मला दिसू लागल्या होत्या.

दुकानदार ओळखीचा. "पितरपख में काम शुरू कर रहे हो? पितर नाराज़ हो जाएँगे."

"हमारे वाले नहीं होंगे," मी म्हणालो.

घरी आलो, नळाला वॉशर बसवला आणि कपाटावरून थापी उतरवली. तिच्यावर बोटभर धूळ होती. डोक्याला ओला पंचा गुंडाळून जिना चढू लागलो तर खालून लेक हसली. हसू दे. ती सावलीत होती.