मखमलीवरचा डिंक
रॉकेलचा वास आला की आमच्या गावचा तो जमीनदार आठवतो. माझी बहीण बाळंतपणात अडली होती आणि मोटार त्याच्या एकट्याकडेच होती. मी धावत गेलो, तर दौऱ्यावर येणाऱ्या सरकारी साहेबाच्या स्वागताच्या पताका चिकटवताना सीटच्या मखमलीवर सांडलेला डिंक हा गृहस्थ रॉकेलच्या फडक्यानं घासून काढत होता. "मालक, मोटार द्या, बहिणीले वाशिमले न्या लागते." त्यानं मानही वर केली नाही. "सायेब येऊन राह्यले. डिंक तरी निघते, रक्त निघन काय?" आम्ही बैलगाडी जुंपली. बहीण वाटेतच, मेडशी गावाच्या अलीकडे गेली. साहेबानं मोटारीतल्या वासाला नाक मुरडलं आणि तो आपल्याच गाडीतून फिरला. आज वेशीवर त्या जमीनदाराच्या नावाची कमान आहे. मी बांधावरून वळसा घेतो, पण तिच्याखालून जात नाही.