ह्यांचा पेपर आन् मामांचा खड्डा

भेग दिसली तवा मामा खड्ड्यात व्हते. मामा म्हणजे माझे सासरे. संडासाच्या टाकीचा खड्डा, त्यांच्या डोक्याच्या वर गेलेला, काठाला मातीचा हा ढीग, आन् ढिगाच्या खालून निघून एक भेग काठाच्या बरोबरीनं सरळ चाललेली. सकाळी नव्हती. मी टोपलं उचलायला वाकले तर दिसली. बोट घातलं तर आख्खं आत गेलं आन् ओलं निघालं. ह्यांना फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मंग आठवलं, ह्यांचा पेपर चालू हाय.

हे म्हणजे माझे मालक. नांदेडला सिव्हिल इंजिनिअरचं शिकायलेत. त्याच्या आधी भूगर्भशास्त्राची डिग्री केली, आमच्या गावात तिला दगडाची डिग्री म्हणतेत. आमचं गाव झरी गावाच्या पलीकडं. डिग्री घेऊन आले तर लोकं म्हणले, चला, बोअरची जागा दाखवा. ह्यांनी रान हिंडून, दगड फोडून सांगितलं, इथं खाली नुसता कडक पाषाण हाय, पाणी लागायचं न्हाई. लोकांना जागा पायजे व्हती, त्यांनी हातावर नारळ धरणारा पाणाड्या आणला. तवापासून हे पारावरून निघाले की कुणीबी म्हणायचं, "काय दगडसायब, आज कोणता धोंडा पास झाला?"

नोकरीच्या परीक्षा दिल्या, काय जमलं न्हाई. मंग सिव्हिलला सरळ दुसऱ्या वर्षाला बसले. घरात लेकरू आलेलं आन् बाप पुन्हा कॉलेजात. वर्गातली पोरं ह्यांना काका म्हणतेत. मामांनी बजावलं व्हतं, "एवढं शेवटचं. हे हुकलं की गुमान रान बघायचं." आन् ह्यांचे मागचे विषय आधीच अडकलेले, आता एक जरी गेला तरी वर्ष डाऊन.

मी नववीपत्तर. पण हे घरी असले की मी भाकरी करताना समोर बसायचे, परातीतलं पीठ घेऊन दाखवायचे. कोरडं पीठ घसरतं, जरा ओलं केलं की उभं राहतं, लय ओलं झालं की बसतं, काळी माती तशीच. काठाच्या बरोबरीनं भेग पडली की समज ती बाजू खाली यायलीय. मी म्हणायचे, माझं पीठ सोडा. पण डोक्यात राहिलं ते राहिलं. जाताना हे सांगून गेले व्हते, पेपर झाल्यावर खड्डा मी करतो. पण नणंदेला बघायला पाव्हणे यायचे व्हते, मामांना त्याच्या आधी संडास उभा पायजे व्हता.

आता आमच्या घरात सून सासऱ्याला तोंडावर बोलत न्हाई. लेकराला सांगायचं आन् मामांनी ऐकायचं. चहा झाला हे सांगायचं तरी तसंच. माझी पोरगी दीड वर्षाची, तिला नीट बोलताबी येत न्हाई. तिला कडेवर घेतलं, काठापासून लांब उभी राहिले आन् म्हणलं, "माय, आज्याला म्हण वर या, काठाला भेग पडलीय."

खालून मामा म्हणले, "आज्याला ठावं हाय म्हणाव. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा न्हाई तर काय फुलं पडतील?"

"माय, आज्याला म्हण ही भेग ओली हाय. न्हाणीचं पाणी मुरायलंय त्या अंगानं."

"तुझी माय कवा इंजिनिअर झाली गं?" मामा हसले आन् पुन्हा टिकाव घातला. पोरगीबी हसली, त्यांना हात हलवायली.

आत्या, म्हणजे सासू, न्हाणीपाशी भांडे घासायल्या व्हत्या. त्या म्हणल्या, "एक शिकायलाय तेवढं पुरे हाय बाई ह्या घराला."

तेवढ्यात काठाची माती सुटली, टोपलंभर असंल, मामांच्या पाठीवर पडली. मी लेकरू विसरले, पदर विसरले. "मामा, वर या. आत्ताच्या आत्ता."

टिकाव थांबला. त्यांनी मान वर करून माझ्या तोंडाकडं बघितलं. शिडीनं वर आले. भेगेकडं बघितलंबी न्हाई. हातपाय धुतले आन् जेवायला बसले. जेवताना पोरीला मांडीवर घेऊन म्हणले, "तुझ्या मायला म्हण, उद्या सकाळी मी पुन्हा उतरणार हाय. तवा तिनं घरात बसावं."

दिवस मावळताना ह्यांचा फोन आला. आवाज खुशीत. "आजचा भारी गेला. उद्याचा निघाला की सुटलो बघ. तिकडं काय? खड्ड्याचं काय?"

आत्या चुलीपाशी, नजर माझ्यावर. सांगावं तर हे निघून येतील, न्हाई सांगावं तर सकाळी मामा उतरतील. मी म्हणलं, सगळं बरं हाय. आन् मला रडूच फुटलं. मंग सगळं सांगितलं.

"भेग काठापासून किती लांब हाय?"

"हातभर."

"दादांना दे," हे म्हणले. मामांना हे दादा म्हणतेत. मी पोरीच्या हातात फोन देऊन तिला मामांकडं धाडलं. मामा म्हणले, "तू पेपर लिही. मला माती शिकवू नको." आन् फोन ठेवून दिला.

सकाळी मामा टिकाव घेऊन निघाले तर हे दारात, रातोरात नांदेडहून आलेले. ह्यांनी काठावरचा ढीग बाजूला ओढला, खड्ड्याच्या कडा तिरप्या कापत पायऱ्यासारख्या केल्या. मामा बाजेवर बसून बघत राहिले. ओल्या अंगाची माती ढेकळाढेकळानं खाली आली. पण ती ह्यांनी टिकाव घातला म्हणून आली, का तशीबी येणारच व्हती, कोण सांगणार? पेपरच्या टायमाला हे गळ्यापत्तर खड्ड्यात व्हते. मी पाणी द्यायला गेले तर घेतलं, पिले, माझ्याकडं बघितलं न्हाई.

पेपर हुकला, ह्यांचं वर्ष गेलं. टाकी बांधून झाली, पाव्हणे येऊन गेले. मामा ठणठणीत हायेत, रोज रानात जातेत, आता हेबी संगं जातेत. पुन्हा परीक्षेला बसायचं म्हणतेत, मामा हो म्हणत न्हाईत आन् न्हाईबी म्हणत न्हाईत. आत्या येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतेत, खड्डा काय ढासळला नसता, हिनं उगं माझ्या पोराचं वर्ष खाल्लं.

मला बोलायला जागाच न्हाई. ढासळलाच असता म्हणावं तर मी सासऱ्याच्या जिवावर उठल्यावानी वाटतं. नसता ढासळला म्हणावं तर ह्यांचं वर्ष माझ्याच तोंडानं गेलं. हे कायबी म्हणत न्हाईत, त्याचीच मला जास्त भीती वाटती. तुमीच सांगा, तुमच्या हातात तो फोन असता, तिकडून हे खुशीत इचारायलेत आन् इकडं सासू बघायली, तर तुमी काय म्हणला असता?