लुगडं आधी ओलं नव्हतं

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही. देवासमोरही ओठ मिटूनच उभा राहिलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि हे काही धैर्य नव्हे, हेही आधीच सांगून टाकतो.

सालेकसा तालुक्यात बसथांब्यासमोर माझं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, फुटलेली काच बदलणं, ही पाटीवरची कामं. जास्त चालायचं ते वेगळंच. जंगलाकडच्या गावांत नेटवर्क धड नसतं, म्हणून लोक बाजाराच्या दिवशी मेमरी कार्ड घेऊन यायचे आणि मी ते भरून द्यायचो. आधी गाणी भरायचो, सिनेमे भरायचो. मग काही वर्षं ऐकायच्या गोष्टी. रानडुकरांपासून धान राखायला माळ्यावर बसणाऱ्याला कानात काहीतरी लागतं. तेंदूपत्त्याचे पुडे बांधणाऱ्या बायांनाही लागतं. आणि लोकांना हवी असते भीती. चांगली, अंगावर येणारी.

त्यात माझं नाव होतं. कोणाला काय द्यायचं हे मला चेहऱ्यावरून कळायचं. नवा माणूस असला तर आधी भुताचं – हडळ, बंद बंगला, विहीर. थोड्या दिवसांत तो परत यायचाच.

"का गा भाऊ, कालचं तर एकदम फुसकं निघालं. भेव लागाचं सोडून हासू आलं मले."

मग मी त्याला खऱ्या खुनांचे पॉडकास्ट द्यायचो. पण तेही निवडून. भुताच्या शौकिनाला कोर्टकचेरीचं देऊ नये, त्याला झोप येते. ज्यात सांगणारा हळू बोलतो, मधेच थांबतो, मागं कुठंतरी पाणी टपकतं, दार करकरतं – ते द्यावं. कोणी केलं हे शेवटपर्यंत नक्की कळत नाही, ते द्यावं. आणि संशय घरातल्याच माणसावर जात असेल तर मग विचारूच नका. अनोळखी खुनी एकदाच घाबरवतो. चहाचा कप हातात देणारी सासू कितीतरी दिवस घाबरवते.

हे ज्ञान माझं.

माझ्या गावात फुलवंताकाकी राहते. नाव बदललंय – पुढं ज्याचं सांगणार आहे त्या एपिसोडमध्येही बदललं होतं, त्यानं काही वाचलं नाही. तिचा मुलगा हैदराबादकडे बांधकामावर. घरी ती, सून रामकला आणि नात मनी. सासू-सुनेचं जमायचं. भांडायच्याही, पण मोहफूल वेचायला जाताना एकाच टोपलीला दोघींचे हात असायचे.

रामकलाला मिरगी होती, फिट यायची. हे गावात तिघांनाच माहीत होतं – सासू, नवरा आणि मी. मला कसं? एकदा माझ्या दुकानासमोरच तिला झटका आला होता, ऐन दुपारी, रस्त्यावर कोणी नसताना. मी आणि काकीनं तिला आत घेतलं. ती शुद्धीवर आल्यावर काकीनं माझा हात धरला. "बाबू, कोणाजवळ बोलू नको. इच्या माहेरी समजलं तं घेऊन जातीन इले." मी मान हलवली.

पुढच्या मोहाच्या हंगामात, उजाडता उजाडता, रामकला बोडीवर तोंड धुवायला उतरली. बोडी म्हणजे आमच्या इकडचं शेताला पाणी देणारं लहान तळं. मी पाळीवर, म्हणजे तिच्या बांधावर, दात घासत उभा होतो. आधी मला काही दिसलं नाही. मोहाच्या झाडाखालून काकी ओरडत धावत आली ती दिसली. तिचं लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, कोरडं, मागं धूळ उडत होती. ती थेट पाण्यात शिरली. छातीइतक्या पाण्यात. मग मीही धावलो. दोघांनी रामकलाला ओढून काठावर आणलं. तिला पाण्यातच झटका आला असणार; तोवर सगळं झालं होतं. लोक आले तेव्हा काकी चिखलात बसून होती, सुनेचं डोकं मांडीवर, अंगावरून पाणी निथळत होतं.

पोलीस आले, बुडून अपघाती मृत्यू असं झालं, संपलं. तिथंच संपायला हवं होतं, नाही का?

मी एक हिंदी पॉडकास्ट ऐकायचो. लोकांना देताना सगळ्यात वर तोच असायचा. त्याचा निवेदक – तो आवाज! तो प्रत्येक एपिसोडच्या शेवटी म्हणायचा की तुमच्या भागात असं काही घडलं असेल तर कळवा. वर्षानुवर्षं मी दुसऱ्यांची मढी वाटत होतो. आपल्याकडंही एक आहे, हे मला एके दिवशी सुचलं. "सुचलं" हाच शब्द खरा आहे. मी त्यांना निरोप बोलून पाठवला, आणि चक्क त्याचा फोन आला. तोच आवाज, माझ्या कानात, मला "भाई साहब" म्हणत होता.

मी सांगितलं. मोह, पहाट, बोडी, सून. तो हूं हूं करत होता. मला कळत होतं की गोष्ट पडतेय. माझंच गिऱ्हाईक असतं तर म्हणालं असतं, फुसकं आहे. मग त्यानं विचारलं, "और कुछ? कोई ऐसी बात, जो उस दिन अजीब लगी हो?"

आणि मी म्हणालो – सासूचं लुगडं ओलं होतं.

हे खरंच होतं ना? होतंच की ओलं. मी फक्त ते थोडं अलीकडं आणलं. म्हणालो, आरडाओरडा व्हायच्या आधीच म्हातारी बोडीकडून येताना मला दिसली, ओल्या लुगड्यानं. मग तो हलकेच म्हणाला, "अरे बाप रे." अंगावर शहारा आला माझ्या. सुखाचा. ते सुख मला अजून आठवतं, आणि ते आठवलं की स्वतःच्या कातडीची किळस येते.

एपिसोड आला तो मी दुकानात बसून ऐकला, आलुबोंडा खात. त्यांनी मागं पैंजणाचा आवाज टाकला होता. रामकलाच्या पायात पैंजण नव्हतेच कधी. मला ते खटकलं, आणि मी काय विचार केला असेल? वाटलं – छान टाकलंय. मग बोटं पुसली आणि तो एपिसोड सगळ्यांच्या कार्डात भरायला घेतला.

"आपल्या इकडची आहे म्हणते, खरं का? ते भर आधी," लोक म्हणायचे. मी भरायचो.

नावं बदलून काय होतं? बोडी तीच, झाडं तीच. आमच्याकडं मोहाची झाडं घराघरात वाटलेली असतात, पण वेचायला बाया गोळक्यानं जातात, एकमेकींना हाका मारत. एपिसोडनंतरच्या हंगामात काकीला कोणी हाक मारली नाही. तिच्या झाडाशेजारच्या बायांनी आपली फुलं उशिरा, उन्हं चढल्यावर वेचली, ती गेल्यावर. मुलाचा फोन येणंही कमी झालं म्हणतात.

मग एका दुपारी ती दुकानात आली.

"बाबू, त्या मोबाईलात माह्यी गोष्ट आहे म्हणतेत. मले आयकव."

"जाऊ दे ना काकी. काय आयकतेस तसलं."

"आयकव. मलेच माहीत नाई तं कसं?"

मी लावला. दुसरं काय करणार होतो? ती स्टुलावर बसून, फोन कानाशी धरून ऐकत राहिली. हिंदी तिला अर्धंमुर्धं कळतं. लुगड्याची जागा आली तशी तिनं मान हलवली.

"खरंच सांगून राहिला ना तो," ती म्हणाली. "ओलंच होतं. मी पाण्यात उतरली होती ना. तू तं होता तिथं." मग फोन माझ्या हाती देत, "मंग लोकं कायले भेतेत मले?"

तिला कळलं नव्हतं. आधी आणि नंतर यातला फरक तिच्या कानातून निसटून गेला होता, कारण तिच्या लेखी ते लुगडं एकदाच, एकाच कारणानं ओलं झालं होतं. मी एपिसोड बंद केला. उठताना तिनं मलाच बजावलं, "मिरगीचं मातर कोणाले सांगू नको. मनीसंगं उद्या कोणी लगन करणार नाई."

ती गेली, आणि त्याच संध्याकाळी एकानं तो एपिसोड मागितला, आणि मी दिला. हे वाचून तुम्हाला काय वाटतं ते मला विचारायचं नाही.

रामकलाचा भाऊ देवरीकडं राहतो. त्याच्यापर्यंत गोष्ट पोचायला वेळ लागला, पण पोचली. तो मनीला न्यायला आला. मनी तेव्हा सातवीत. माझ्या दुकानासमोरच्या बसथांब्यावर सगळं झालं, भर बाजारात. काकी मागोमाग आली होती, हातात पोरीच्या कपड्यांची पिशवी.

"बुढे, सर्वायसमोर सांग," तो ओरडला. "तुह्यं लुगडं ओलं होतं का नाई?"

"हाव बाबू. होतं."

बाजारातली माणसं तिच्याकडं बघू लागली. तिनं आजूबाजूला पाहिलं, आपण काय चुकीचं बोललो हे तिला समजेना. मग तिला मी दिसलो, काउंटरमागं. तिचा चेहरा उजळला. हो – उजळला.

"याले पूस ना. हा बाबू होता तिथं. यानं पायलं."

तो माझ्याकडं वळला. मनीही वळली. पोरगी माझ्याकडं अशी बघत होती जणू माझ्या तोंडातून जे निघेल तेच तिच्या आजीचं होणार होतं. आणि तसंच होतं ते. एक वाक्य पुरलं असतं – ती माझ्यासमोर कोरडी पाण्यात शिरली. मिरगीचं नावही घ्यावं लागलं नसतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता: तर मग ते खोटं त्या पॉडकास्टवाल्याला सांगितलं कोणी?

मी म्हणालो, "मी आलो तवा तं ओलंच होतं."

हे माझं. निवेदकाचं नाही, पैंजणवाल्यांचं नाही. माझ्या तोंडचं, तिच्या डोळ्यांत बघून.

काकीनं पिशवी वर केली. मनीनं ती घेतली नाही. बसमध्ये चढून खिडकीजवळ बसली आणि काच ओढून घेतली.

आणखी एक राहिलंय. इतका वेळ ते टाळत आलोय, पण आता टाळण्यासारखं उरलंय काय? त्या फोनवर निवेदकानं अगदी शेवटी विचारलं होतं, "बहू बीमार-वीमार तो नहीं थी ना?" हो म्हटलं असतं तर गोष्ट उरली नसती. ते त्यालाही कळत होतं, मलाही. मी म्हणालो, "नहीं, एकदम तंदुरुस्त." नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला समजावत राहिलो की मी काकीला दिलेला शब्द पाळला, मिरगीचं कोणाजवळ बोललो नाही. बघा ना, घाण किती नीट घडी घालून ठेवता येते! गप्प राहणं म्हणजे शब्द पाळणं. मी गप्प नव्हतो राहिलो. मी रामकलाला निरोगी करून तिचं मरण तिच्या सासूच्या माथी मारलं होतं.

काकी आता दुकानासमोरून जाते तेव्हा इकडं बघत नाही. तिला वाटत असेल की बाजारात मी भ्यालो. गोष्ट सांगणारा मीच, हे तिला अजून माहीत नाही. मी कार्डं भरणं बंद केलंय. लोक विचारतात, काऊन बंद केलं, आणि मी कॉम्प्युटर बिघडला म्हणून सांगतो – म्हणजे तेही खोटंच.

हे लिहिणं म्हणजे ते सांगणं नव्हे, एवढं मला कळतं. देणं अजून बाकी आहे. मला मनीच्या मामाच्या घरी जायचं आहे, आणि त्याच्यासमोर तिला सांगायचं आहे की तुझी आजी तुझ्या आईला वाचवायला पाण्यात शिरली तेव्हा भिजली, त्याआधी ती कोरडी होती, मी ते पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा खोटं बोललो तो मी. मग परत येऊन हेच काकीला सांगायचं आहे. मी अजून गेलेलो नाही.