बाबांच्या पत्रिका आणि माझी एक्सपी

विरारच्या आमच्या घरातला कॉम्प्युटर माझ्या अभ्यासासाठी घेतला होता, असं सगळ्यांना सांगितलं जायचं. प्रत्यक्षात तो बाबांचा होता. ज्या दुकानदाराने तो जोडून दिला, त्याने वर फुकटात पत्रिका जुळवायचा एक प्रोग्रॅम टाकून दिला आणि नुकतेच निवृत्त झालेले बाबा कामाला लागले. मुलामुलीची जन्मतारीख, वेळ, गाव भरायचं, बटण दाबायचं, की छत्तिसांपैकी किती गुण जुळतात ते समोर. अठराच्या खाली आले की बाबा डॉक्टरसारखा चेहरा करून ‘पुढे जाऊ नका’ म्हणत. रविवारी हॉलमध्ये बिल्डिंगमधल्या आईवडिलांची रांग, आणि कॉलेजचं काम घेऊन मी शेवटचा.

त्यात कॉम्प्युटरवर होतं जुनं विंडोज नाइन्टी-एट. दिवसातून दोनतीनदा पडदा निळा पडून सगळं ठप्प. मित्रांकडे नवी विंडोज एक्सपी आली होती, म्हणून आपणही टाकू या असं मी मागे लागलो. दुकानदार नको तेवढा प्रामाणिक निघाला. टाका, पण पत्रिकेचा प्रोग्रॅम त्यावर चालणार नाही, म्हणाला. झालं. मी इंजिनिअर नाही झालो तरी चालेल, पण तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न अडता कामा नये, असं बाबांचं एकूण धोरण. माझा नुसता जळफळाट होई.

मग एके दिवशी ताई माझ्या बाजूने बोलायला लागली. घरच्या कॉम्प्युटरला कधी बोट न लावणारी ताई जेवताना एक्सपीचे फायदे सांगू लागली, तेव्हा मला संशय आला. खोदून विचारल्यावर कळलं. तिच्या ऑफिसातला एक मुलगा होता, भुईगावचा, घरची केळीची वाडी असलेला. लग्न करीन तर त्याच्याशीच, असं तिचं ठरलं होतं. पण गुण जुळणार नाहीत अशी तिला धास्ती होती.

“आधी तो प्रोग्रॅम जाऊ दे,” ती म्हणाली. “मग मी बाबांना सांगते.”

पण तिने आईला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि आईच्या पोटात काही राहत नाही. तिने ते बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी उठून ते भुईगावला गेले आणि मुलाच्या आईला त्याची जन्मवेळ विचारून आले. चर्चची पहाटेची घंटा वाजत होती तेव्हा झाला, एवढंच तिला आठवत होतं. प्रोग्रॅमला मिनिटं लागतात. म्हणून हे गृहस्थ चर्चमध्ये गेले आणि पहाटेची घंटा नेमकी किती वाजता होते तेही विचारून आले. येताना केळ्यांचा अख्खा लोंगर. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मलाही तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं, की एक्सपीचा मी विषयही काढला नाही.

दोन दिवसांनी आई बाजारात आणि ताई ऑफिसला गेल्यावर बाबांनी मला हाक मारली. एक्सपी टाक, म्हणाले.

मी म्हटलं, मग पत्रिका बंद होतील.

“होऊ देत. ताईचे नऊ गुण आले.” मग जरा घुटमळून म्हणाले, “म्हटलं, हे यंत्र खरं सांगतंय का बघावं. म्हणून माझी आणि तुझ्या आईची घातली.”

“किती आले?”

“सात.”

आईला बाजारातून यायला जरा उशीर झाला की अजूनही गॅलरीत येरझाऱ्या घालणारा हा माणूस. मला हसू आवरेना.

सीडी मी कधीची आणून ठेवली होती. ती घातली. थोड्या वेळाने पडद्यावर प्रश्न आला, जुनं सगळं पुसायचं का. मी बाबांकडे पाहिलं. ते गॅलरीतून खाली रस्त्याकडे बघत होते.

“हो म्हण लवकर,” ते म्हणाले. “तुझी आई कोपऱ्यावर दिसतेय.”