रेघ सरळ, ट्रान्समीटर मुका

“मॅडम, वायर त्यानेच तोडली असणार. तुम्ही रिपोर्टमध्ये फक्त टॅम्परिंग लिहा. उद्या त्याला घरी पाठवतो.”

हे बोलणारे कर्णिक गिरणीचे जनरल मॅनेजर. ज्यांना घरी पाठवायचं होतं ते सावंत, तिथले सर्वांत जुने वायरमन. ते दारातच उभे होते. त्यांना ऐकू जावं म्हणूनच कर्णिक मोठ्याने बोलत होते.

“वायर तुटलेली नाही,” मी म्हणाले. “तुटली असती तर रेकॉर्डरचं पेन तळाला गेलं असतं. मला काम करू द्या.”

गिरणी लोअर परळची. संपाला दहा-बारा वर्षं उलटली होती. विणकामाचे साचे बंद पडले ते पडलेच, पण कापड रंगवायचं डाइंग खातं चालू होतं आणि त्याला वाफ पुरवणारा बॉयलरही. संपानंतर परत घेतलेल्या मोजक्या कामगारांत सावंत होते. कर्णिकांच्या लेखी ते अजूनही ‘संपवाले’.

मी दादरच्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर होते. आम्ही या बॉयलरसाठी वाफेचं प्रेशर मोजणारा नवा ‘स्मार्ट’ ट्रान्समीटर विकला होता. त्याची रेंज बॉयलरला जुळवून द्यायची, एवढंच माझं काम. ती कम्युनिकेटर नावाच्या हातातल्या यंत्राने बदलायची असते. पण माझा कम्युनिकेटर हाका मारत होता आणि ट्रान्समीटर ओ देत नव्हता.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. ट्रान्समीटर प्रेशर मोजतो आणि दोन वायरींतून त्या प्रमाणात करंट पाठवतो. प्रेशर शून्य असेल तर चार मिलिअँप, पूर्ण असेल तर वीस. शून्यालाही चार का? कारण मग करंट खरोखरच शून्य झाला तर वायर तुटली हे लगेच कळतं. पॅनेलमधला रेकॉर्डर हा करंट वाचतो आणि कागदावर शाईची रेघ ओढतो.

स्मार्ट ट्रान्समीटर शिवाय त्याच दोन वायरींवरून बोलतोही. करंटवर बारीक, वेगवान कंपनं चढवून तो डिजिटल निरोप पाठवतो. चाळीत नळाच्या पाइपवर नाण्याने टकटक केली की वरच्या मजल्यावर ऐकू जातं, पण त्यामुळे पाणी कमीजास्त येत नाही. तसंच हे. आमचं पाणी व्यवस्थित येत होतं. टकटक पोचत नव्हती.

“बाई, तुमचा डबा मुका की आमचा ट्रान्समीटर बहिरा?” सावंतांनी विचारलं.

“तेच बघतेय. जरा शिडी धरा.”

पहिला संशय रेझिस्टन्सवर. या दोन वायरींच्या लूपमध्ये तो पुरेसा नसेल तर डिजिटल सिग्नल पॉवर सप्लायमध्येच बुडतो. मोजला, बरोबर होता. मग ट्रान्समीटरच्या वायरी सोडवल्या आणि माझ्याजवळचा छोटा सप्लाय आणि रेझिस्टर थेट जोडला. पठ्ठ्या लगेच बोलायला लागला. म्हणजे माल आमचा चांगला. हे पाहून मला बरं वाटलं, सावंतांना नाही.

“म्हणजे खोट आमच्या बाजूक?”

“वायरींत, नाहीतर वायरींना लटकलेल्या कशात तरी.”

मी पॅनेलमागे गेले आणि रेकॉर्डरचं मागचं झाकण उघडलं. टर्मिनलवर काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला, अंगठ्याएवढा कपॅसिटर बसवलेला होता. ड्रॉइंगमध्ये तो नव्हता.

“हे कोणी लावलं?”

“मीच. जुना ट्रान्समीटर होता तेव्हा.” मग आवाज खाली आला. “गणपती मंडळाच्या जळक्या ॲम्प्लिफायरातला. पण बाई, मी कायएक तोडूक नाय.”

“कशासाठी लावलात?”

“पेन थरथरायचं. बॉयलरला पाणी देणारा फीड पंप सुरू झाला की कागदावर रेघेऐवजी नुसते झाडूचे फराटे. कर्णिकसाहेब रोज सकाळी कागद बघणार आणि बॉयलरवाल्याला झापणार. तिन्ही रेकॉर्डरांना हेच केलंय आम्ही. पेन नाचलं, कपॅसिटर लावला.”

कपॅसिटर नेमकं तेच करतो, वेगवान चढउतार गिळून टाकतो. पंपाची थरथर त्याने गिळली, तशी आमची डिजिटल कंपनंही गिळली. टकटक करायच्या पाइपला गोणपाट गुंडाळावं तसं.

तेवढ्यात कर्णिक आले. त्यांनी कपॅसिटर पाहिला. “बघा! सांगत होतो ना? टॅम्परिंग.”

“पाच मिनिटं थांबा.”

मी कपॅसिटर काढला. कम्युनिकेटरवर ट्रान्समीटरचं नाव उमटलं. पण पेन असं थरथरायला लागलं की कर्णिक दोन पावलं पुढे आले.

“हे काय? बिघडवलंत?”

“हे तुमच्या बॉयलरचं खरं प्रेशर. इतके दिवस दिसत नव्हतं.”

रेंज बदलली. मग डॅम्पिंग वाढवलं. म्हणजे क्षणाक्षणाची थरथर सोडून सरासरी पाठव, असं ट्रान्समीटरलाच सांगायचं. ही सोय त्याच्या आतच असते, फक्त त्याच्याशी बोलता आलं पाहिजे. पेन हळूहळू शांत झालं.

“ऑं!” सावंत म्हणाले. “मग माझा कपॅसिटर होतो कशाक?”

कर्णिकांना यात रस नव्हता. “रिपोर्टमध्ये टॅम्परिंग येणार ना?”

“जे सापडलं ते येणार. रेकॉर्डरला ड्रॉइंगबाहेरचा कपॅसिटर होता, काढला. कारणही लिहावं लागतं. रेघ हलली तर बॉयलरवाल्याला बोलणी बसत, म्हणून लावला. कोण बोलायचं, त्यांचं नाव घालू?”

कर्णिकांनी एकदा पेनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“कारण राहू द्या.”

“मग टॅम्परिंगही राहू द्या. कारणाशिवाय तो शब्द मी लिहीत नाही.”

त्यांनी माझ्या रिपोर्टवर सही केली आणि ते गेले. सावंतांनी आभार वगैरे मानले नाहीत. बाकीच्या दोन रेकॉर्डरांचे कपॅसिटर त्यांनी माझ्यासमोर काढले आणि ड्रॉवरमध्ये ठेवले. “टाकायचे कशाला? मंडळाक लागतील.” डाइंग खातं बंद होईपर्यंत ते तिथेच कामाला होते.

नंतर मी बरेच प्लांट पाहिले. ट्रान्समीटर बोलत नसेल तर पुस्तकात लिहिलंय की आधी रेझिस्टन्स मोजा. मी आधी विचारते की पेन हललं तर इथे कोणाला झापतात. मग सरळ त्या रेकॉर्डरचं मागचं झाकण उघडते.