साडूंच्या पांढऱ्या कोंबड्या

स्वतः काढलेला हुकूम पाळायला स्वतःच भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण त्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात कोणी नव्हता. गिरणीत ते जॉबर, म्हणजे मागवाल्यांवरचे मुकादम, होते. मागावर रेंगाळणाऱ्या माणसाला घरी बसवताना त्यांच्या मिशीचा केससुद्धा हलत नसे, आणि याचा त्यांना अभिमान होता. दुष्काळ सरल्यावर सरकारी केंद्रातून पांढरी विलायती पिल्लं आणून त्यांनी परसात खुराडं घातलं, तेव्हा कायदाही गिरणीचाच लावला. "मास्तर, ध्यानात ठिवा," मला म्हणाले, "अंडं दिलं तर दाणा. अंडं थांबलं की रस्सा. हितं लाड न्हाईत."

लाड नव्हतेच. फक्त उन्हाळाभर खुराड्यावर ओलं गोणपाट असे, माठातला पहिला तांब्या कोंबड्यांना जाई, आणि आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आपल्या पाण्याची वाट बघत उभ्या राहत. पण पिल्लं मोठी होऊन अंडी देऊ लागली, ती गल्लीत विकून आक्कांच्या कनवटीला जन्मात पहिल्यांदा स्वतःचे चार पैसे आले, आणि त्यांनी तक्रार सोडली. पुढं एकेकीचं अंडं थांबत गेलं. रस्सा मात्र काही होईना. एक म्हणे पिसं झाडत होती. दुसरीला ऊन लागलं होतं. तिसरी "जरा नाराज हाय". असली कारणं सांगणाऱ्या माणसाला साडूंनी दुसऱ्या दिवशी कामावर ठेवल्याचं गिरणीत कोणाला आठवत नव्हतं.

कोंबड्यांच्या माना वाकड्या करून मारणाऱ्या मानमोडीची साथ येते, लस टोचून घ्या, असं शेजारच्या कंपाउंडरनं सुचवलं, तर साडूंनी त्याचीच हजेरी घेतली. "रोग भायेरच्या पाखरानं येतो. माझ्या खुराड्यात भायेरचं पाखरू शिरंल व्हय रं?"

संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडं मटण-कोंबडी शिजतेच. त्या करीला साडूंनी सगळ्या साडूंना जेवायला बोलावलं, घरची विलायती कोंबडी खिलवायला. आमच्यादेखत खुराड्यात हात घालून एक पांढरी कोंबडी ओढली आणि निर्विकार चेहऱ्यानं मुलाण्याच्या हाती दिली. आम्ही थक्क झालो. मांस चपलेच्या तळासारखं चिवट होतं, तरी "घरच्या दाण्याची चव हाय की न्हाय?" या प्रश्नाला आम्ही एकमुखानं माना डोलावल्या. पाहुण्यांचा धर्मच तो.

ती कोंबडी घरची नव्हतीच, हे मला पुढं कळलं. आदल्या दिवशी साडूंनी ती बाजारातून आणली होती आणि सकाळी सर्वांसमोर खुराड्यातून निघावी म्हणून रात्रभर बाकीच्यांत कोंडली होती. आक्कांना ठाऊक होतं. त्या गप्प राहिल्या, कारण नवऱ्याची चारचौघांतली अब्रू बायकोनंच राखायची असते.

आठवडा झाला नाही तोच पहिलीची मान वाकडी झाली. मग दुसरीची. मला कळून मी पोचलो तेव्हा खुराडं रिकामं होतं. मेलेल्या कोंबड्या परसात ओळीनं ठेवल्या होत्या, त्या पुरण्यासाठी खड्डा खणून साडू हातात कुदळ धरून उभे होते आणि आक्कांनी इतक्या वर्षांचं सगळं त्या दिवशी तोंडावाटे काढलं.

"अवो, एक कापली असती तर बाकीच्या जगल्या असत्या की! रोग इकत आणला तुमी. इकत! कुनाला दावायचं हुतं, सांगा की!"

साडूंनी वर पाहिलं नाही. "कुठली?" एवढंच म्हणाले.

"काय कुठली?"

"कुठली कापायची हुती?"

आक्का तावातावानं पुढं आल्या. त्यांनी बोट रोखलं, एकीवर, मग दुसरीवर. मग ते बोट तसंच हवेत राहिलं. त्या खड्ड्याच्या काठावर बसल्या आणि एकेकीची वाकडी मान सरळ करून ती साडूंच्या हातात देऊ लागल्या. साडूंनी कुदळ कधी खाली ठेवली, ते माझ्या लक्षात आलं नाही.