साडूंच्या सर्व्हरला 'पाहू' चालत नाही

'पाहू' या शब्दाचा राग येणारा माणूस आख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. ते अमरावतीला, मी अकोल्याला. मधलं अंतर देवानं विचार करूनच ठेवलं असावं. निवृत्तीनंतर लोक गुडघे सांभाळतात, साडू एक फ्रेमवर्क सांभाळतात. एका संगणकानं दुसऱ्याला काही मागितलं तर उत्तर कसं द्यावं, याचे म्हणे जगभर ठरलेले नियम आहेत. ते तंतोतंत पाळणारा सर्व्हर कोणालाही उभारता यावा म्हणून साडूंनी त्याचा तयार सांगाडा लिहिला आणि फुकट वाटून टाकला. कोणीही घ्यावा, उघडावा, चुका काढाव्यात. परदेशातून कोणी चूक काढली की साडू पेढे आणतात. त्याच भरवशावर मी एकदा मेव्हणीबाईंच्या वांग्याच्या भाजीतली चूक काढली, तेव्हा पेढे आले नाहीत.

त्यांचा सर्व्हर विचारणाऱ्याला ताटकळत ठेवत नाही. असेल तर देतो, नसेल तर नाही म्हणतो आणि वर कारणही सांगतो. माणसांनीही असंच वागावं, ही साडूंची माफक अपेक्षा. पत्रिका घेऊन आलेल्या शेजाऱ्याला ते तोंडावर म्हणाले, "येत नाही. कारन तुमच्या घरची पंगत चारले बसते." शेजारी गेल्यावर मलाच ऐकवलं, "हो म्हना, नाही म्हना. 'पाहू' हे का उत्तर हाय?"

मग त्यांच्या मुलीसाठी मी अकोल्याचं एक स्थळ आणलं. मुलगा तिच्या मनात भरला होता, आणि मुलाचे वडील जाताना म्हणाले, "पाहू, कळवतो." आपल्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. पण महिनाभर वाट पाहून साडूंनी पत्र धाडलं : होकार, नकार, की विचार चालू? तिन्हींपैकी एक कळवा, कारणासह. मेव्हणीबाई रडकुंडीला आल्या. "अवो, असं कोनी लिहिते काय? पोरीचं जमत असलं तरी मोडान तुमी!"

उत्तर आलं, तेही नियमात बसणारं. 'मुलगी पसंत. मुलीचे वडील आम्हाला झेपतील का, हा विचार चालू.' साडूंनी ते दोनदा वाचलं. "कारन बरोबर हाय," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

पुढच्या बैठकीत व्याह्यांनी विचारलं, "कम्प्युटरवर काय करता?" साडू म्हणाले, "काही नाही, टाइमपास." लग्न अकोल्याला चालेल का, असं विचारल्यावर खाली बघत म्हणाले, "पाहू." मला त्या क्षणी व्याह्यांचा संताप आला, आणि ते स्थळ मीच आणलं होतं. लग्न झालं, मुलगी अकोल्यात सुखात आहे.

परवा साडूंचा फोन आला. "रविवारी दोघं जेवाले येता का?" मी सवयीनं 'पाहू' म्हणालो आणि बोलणी खायला तयार झालो. ते नुसतं "बरं, पाहा" म्हणाले आणि फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं. पोरीसाठी एकदा वापरलेला तो शब्द त्यांच्या घरात कायमचा राहायला आला होता.

मी लगेच उलट फोन लावला. "येतो. दोघं. दहाच्या एसटीनं. वांग्याची भाजी नको, कारण मागच्या वेळी खारट होती."

पलीकडे साडूंनी घसा खाकरला.

"हे झालं उत्तर, भाऊ," ते म्हणाले. "या."